विशेष शिक्षणाचा सराव नेहमीच्या वर्गात हवा

संपादक महोदय,

विशेष शिक्षण आणि समावेशक अध्यापन (विशेष गरजा असलेल्या मुलांना इतरांसोबत नेहमीच्या वर्गात शिकवणे) या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणारे शिक्षक बहुधा पेपरांची यादी पाहून प्रवेश ठरवतात. ती यादी सगळीकडे जवळपास सारखीच असते. पाहायला हवे ते हे, की सराव कुठे करून घेतात आणि प्रबंध कशावर लिहून घेतात.

ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीने 1978 सालीच सांगितले होते, की मुलांना अपंगत्वाच्या प्रकारांत बसवण्यापेक्षा प्रत्येकाची शैक्षणिक गरज पाहा. 1994 च्या सालामान्का जाहीरनाम्यात 92 देशांच्या प्रतिनिधींनी मान्य केले, की विशेष गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्या शाळेत जागा हवी. तरीही अनेक ठिकाणी शिकवणी प्रकारांच्याच क्रमाने चालते. आधी अंधत्व, मग कर्णबधिरता, मग बौद्धिक अक्षमता, शेवटी स्वमग्नता. लक्षणे तोंडपाठ होतात, पण सोमवारी गणिताच्या तासाला काय करायचे हे कळत नाही.

हातच्याची साधी वजाबाकी घ्या: 52 वजा 38. एका मुलाचे उत्तर 26 येते, कारण ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. दुसऱ्याचे 24 येते. त्याने दशक सुटा केला, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला ते विसरले. तिसऱ्याला तोंडी सांगितलेले ‘बावन्न’ 25 असे लिहायची सवय आहे; त्याला वजाबाकी कदाचित येतही असेल. वहीवर तिघांनाही सारखीच फुली मिळते, उपाय मात्र तीन वेगळे. पहिल्याला दहा-दहाच्या काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवावे लागतात, दुसऱ्याला दशकावर खूण करण्यासाठी एक रिकामी चौकट पुरते, तिसऱ्याला आधी संख्यालेखनच पक्के करून द्यावे लागते. तिघांच्या निदानपत्रावर काय लिहिले आहे, याने यातले काहीच ठरत नाही. चुकांचे असे विश्लेषण पदव्युत्तर विद्यार्थ्याने निदान एक पूर्ण सत्र रोज केले पाहिजे.

वैयक्तिक शिक्षण आराखड्याचेही, म्हणजे एकेका मुलासाठी लिहिलेल्या उद्दिष्टांच्या आणि मदतीच्या योजनेचेही तेच. ‘गणितात प्रगती होईल’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. ‘दोन अंकी हातच्याच्या 10 वजाबाक्यांपैकी 8 बरोबर, चौकटीचा आधार न घेता, सलग तीन दिवस’ असे लिहिले तरच महिन्याअखेर ते साधले की नाही हे सांगता येते. आधार कधी आणि कसा काढून घ्यायचा, तेही आराखड्यातच हवे. तसे नसले की मदतनीस शेजारी बसून राहतो, मूल प्रत्येक पायरीला त्याच्या तोंडाकडे पाहते आणि वर्षभराने त्याला एकट्याने काहीच करता येत नाही. यात दोष मुलाचा नसतो, आराखड्याचा असतो.

सहा-आठ मुलांच्या विशेष वर्गातला सराव आवश्यक आहे, पण तेवढाच पुरेसा नाही. श्रवणयंत्र वापरणारे मूल पन्नास जणांच्या वर्गात बसते, तेव्हा शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलला की ओठही दिसत नाहीत आणि आवाजही भिंतीवर जातो. शिक्षकाचा आवाज वर्गातल्या गोंगाटापेक्षा साधारण 15 डेसिबल वर असावा, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात. आधी लिहायचे, मग वळून बोलायचे, ही सवय पुस्तकातून लागत नाही. कोणीतरी मागच्या बाकावर बसून पाठ पाहावा लागतो आणि त्याच दिवशी सांगावे लागते.

प्रबंधाबद्दल आम्हाला अधिक कळकळीने सांगायचे आहे. शिक्षकांचा समावेशनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन प्रश्नावली वाटून मोजणे सोयीचे असते, पण त्यातून लिहिणाऱ्याला अध्यापन येत नाही. त्याऐवजी दोन-तीन मुलांवर एकल-विषय संशोधन करून घ्यावे, म्हणजे प्रत्येक मुलाच्या शिकवण्याआधीच्या आणि नंतरच्या कामगिरीच्या नोंदी ताडून पाहाव्यात. शिकवण्याआधी निदान तीन, शक्यतो पाच नोंदी. नोंदी आधीच चढत्या असतील तर थांबावे, नाहीतर पुढची प्रगती शिकवण्यामुळे झाली असे म्हणता येत नाही. मग सगळ्या मुलांना एकाच दिवशी शिकवायला न लागता एकेकाची सुरुवात पुढे ढकलावी, म्हणजे प्रत्येकाची प्रगती त्याला शिकवायला लागल्यावरच झाली का, ते दिसते. उपाय मध्येच थांबवून प्रगती मागे जाते का, हे पाहण्याची पद्धत इथे चालत नाही, कारण एकदा आलेली वजाबाकी मूल विसरत नाही. निदान 20 टक्के तासांना दुसऱ्या निरीक्षकाने स्वतंत्र नोंदी घ्याव्यात आणि दोघांचा मेळ 80 टक्क्यांच्या खाली गेला तर ज्या वर्तनाची नोंद घेतो त्याची व्याख्याच पुन्हा लिहावी. हे काम कष्टाचे आहे, मार्गदर्शकालाही वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेकदा ते तिथेच अडते.

म्हणून प्रवेश घेणाऱ्यांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: नेहमीच्या वर्गात किती आठवडे सराव होतो, मार्गदर्शक स्वतः येऊन किती पाठ पाहतात, आणि विषय-शिक्षकासोबत पाठाचे नियोजन करायला वेळापत्रकात तास राखला आहे का. गेल्या वर्षीचे दोन प्रबंधही मागून वाचावेत.

— विशेष शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गांना शिकवणारे काही अध्यापक