चिंगी घरात आहे, तरी तुम्ही यायचंच

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला जीभ उचलेना, म्हणून लिहितेय. परवा आम्ही शेल्टरमधून एक कुत्री घरी आणली. सहा आठवड्यांसाठीच. पुढच्या महिन्यात बाबांच्या मोतीबिंदूसाठी तुम्ही इथंच येणार, तेव्हा आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. ते चुकलं माझं.

गाडीखाली सापडून तिचा मागचा पाय चिरडला होता, तो काढावाच लागला. शेल्टरमध्ये पिंजऱ्याला लागून पिंजरा, त्यात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाची भीती. एकाला झाला की अशक्त जनावरांत भराभर पसरतो. ताकद येईपर्यंत कुणाच्या घरातला एखादा कोपरा हवा होता. औषधं, लसी त्यांच्याकडून. आपण जागा, जेवण आणि लक्ष द्यायचं. आपला तळमजला, जिने नाहीत. माझं काम घरून, हेही दुपारी घरीच असतात. आणि आई, यातलं एकही कारण नसतं तरी मी तिला आणलीच असती, हे तुझ्यापासून काय लपवू.

कुत्रं चावल्यावरची तुझ्या पोटावरची ती चौदा इंजेक्शनं मी विसरलेले नाही. तुझ्या कुशीत झोपताना बेंबीभोवती बोट फिरवत मी विचारायचे, ‘इथंच का गं?’ आणि तू दरवेळी आजोबांच्या खांद्यावरून दवाखान्यात जाण्यापासून सुरुवात करायचीस. आता पोटात देत नाहीत गं. दंडात देतात. चावल्याच्या दिवशी एक, मग ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. तीही वेळ येणार नाही. चिंगीला रेबीजची लस दिलेली आहे, कागद माझ्याकडे आहे. नसबंदीही झालीये, कानाची खाच ही त्याचीच खूण. तिला कुणी मारलंय असं समजू नकोस.

बाबा, तुम्ही म्हणाल, जीव लावून पुन्हा देऊन टाकायचं कशाला. कोरेगाव सोडलं तेव्हा मोत्या ट्रकमागे पुलापर्यंत धावत आला. तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसला होतात आणि साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मला तेव्हा वाटलं, तुम्ही त्याला पाहिलंच नाही. आठ दिवसांत हजर व्हायचा हुकूम होता, तुम्ही तरी काय करणार होतात? चिंगी ज्या घरी जाईल ते घर मी आधी स्वतः बघून येणार आहे. माणसं, अंगण, फाटक, सगळं.

तुमची खोली तशीच आहे. पलंग भिंतीला लावलाय, रात्री उठताना हात टेकायला. बाथरूममध्ये दांडा बसवून घेतला. आई, देवघराकडे आणि ओट्याकडे ती येत नाही, स्वयंपाकघराला अर्धं फाटक लावलंय. डोळ्याच्या डॉक्टरांनाही विचारलं. बाबांच्या खोलीत तिला सोडायचं नाही, थेंब घालण्याआधी हात साबणानं धुवायचे. थेंब मीच घालणार. आणि इतकं करूनही आई, तुला झोप लागली नाही, तर माझी मैत्रीण तिला ठेवून घ्यायला तयार आहे. त्यासाठी तुम्ही यायचं रद्द करायचं नाही.

आता ऐका. एसटीनं यायचं नाही, दादा गाडी घेऊन येईल. बाबा, साखर या आठवड्यातच तपासून घ्या, रिपोर्ट निळ्या पिशवीत ठेवा. आई, माळ्यावरची बरणी काढायला स्टुलावर चढू नकोस. लोणच्यावाचून आमचं काही अडलेलं नाही. बीपीची गोळी नाश्त्याबरोबर घे, पोळ्या उरकल्यावर नाही.

आणि ती जुनी निळी सतरंजी असेल तर आणा. तिला फरशी गार लागते, रात्री तीन पायांवर उठून जागा बदलत राहते.

तुमची,
बेबी