वायरमन दादांना, गिलनेटवाल्यांकडून

वायरमन दादा,
स. न. वि. वि.

पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आत आम्हा गिलनेटवाल्यांच्या, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं जाळं सोडणाऱ्यांच्या, होड्यांचे दिवे लावून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मजुरी दिली म्हणजे फिटलं, असं हे काम नव्हे.

जाळं पाण्यात असताना वर लाल, खाली पांढरा, दोन्ही चहूकडून दिसणारे; ट्रॉलरला, म्हणजे जाळं मागे ओढत नेणाऱ्या बोटीला, लालच्या जागी हिरवा. एवढं होडी चालवणारा कुठलाही तांडेल सांगेल. पण त्या दोघांत निदान १ मीटर अंतर हवं आणि खालचा पांढरा बाजूच्या दिव्यांपासून त्याच्या दुप्पट उंच हवा, हे टेप धरून कोण बघतं? तुम्ही बघितलंत. अंतर कमी पडलं की लांबून दोन्ही एकच दिसतात, आणि येणाऱ्या जहाजाला होडी जाळ्यावर आहे हे कळतच नाही.

जाळं ओढायला फ्लड, म्हणजे झोताचा दिवा, एकच, १० वॅटचा, केबिनच्या छपराखाली, तोंड खाली, वर पत्र्याची झापड. उजेड फळ्यांवर पडतो, डोळ्यांत नाही. डोळे एकदा दिपले की अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. शिवाय उघड्या फ्लडपुढे बाकीचे दिवे लपतात. "चार मोठे टाका" म्हणणाऱ्यांना तुम्ही तोंडावर नाही म्हणालात, ते उत्तम. एलईडीच्या झोतावर मासळी मारायला २०१७ पासून बंदी आहे, आणि त्याविरुद्ध ओरडणारे आपणच ना!

खरं काम मात्र वायरिंगचं. घरगुती वायर वरून धड दिसते, आत तांबं हिरवं पडलेलं असतं. तुम्ही कल्हईच्या तांब्याची, २.५ चौरस मिमीची ओढलीत. बॅटरीपासून १० मीटरवर ३ अँपिअर न्यायचे तर १ चौरस मिमीच्या वायरीत १२ पैकी एक व्होल्ट वाटेतच जातो. अडीचच्या वायरीत अर्धासुद्धा जात नाही. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभरावर, म्हणजे पुढे वायर कुठेही घासली तरी तो उडणार. दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ, पाणी तिथूनच गळून जातं. सांध्यांवर गोंदाची हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. आणि प्रत्येक एलईडी पेटवून वायरलेसचं १६ नंबर चॅनेल, संकटात हाक मारायचं, ऐकलंत. खरखर करणारे दिवे तिथेच परत केलेत.

जाळं १५० मीटरच्या पुढे गेलं की त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा लागतो. काही होड्यांचा तो राहिलाय. सामान आणून ठेवलंय, सवडीने या. नारळी पौर्णिमेला जेवायला यायचं ते वेगळं.

आपले,
बंदरावरचे गिलनेटवाले