बुलेट खुशाल विक, पण

कराड,
रविवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गुडघे ऐकत नाहीत, मुलं रागावतात, म्हणून बुलेट काढायची ठरवलीस, हे पटलं. पण पुढं जे लिहिलंस ना, की येझ्दी-बुलेटच्या जमान्याबरोबरच खरी मजा संपली, ते काही गळी उतरेना. म्हणून हे लांबण.

माझ्या टू-स्ट्रोक येझ्दी मोटरसायकलवर माझा किती जीव होता ते तुला काय सांगायचं! किकचाच दांडा पुढं आणला की त्याचा गिअर व्हायचा. क्लच न दाबताही गिअर पडायचा, त्यामुळं क्लचची वायर तुटली तरी गाडी घरापर्यंत यायची. तुझ्या बुलेटचं सगळंच उलटं, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. पाटणला गाड्यांची अदलाबदल केली तेव्हा तू माझ्या गाडीवर ब्रेक समजून गिअरच दाबत सुटला होतास. म्हशीला दया आली आणि ती बाजूला झाली.

पण त्या प्रेमात हाल किती होते ते आपण सोयीनं विसरतो. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घाला. जास्त पडलं की प्लग काळा, कमी पडलं की इंजिन धरायची धास्ती. पावसाळ्यात ऐन चढावर गाडी फुर्रफुर्र करायला लागली की उतरा आणि काडेपेटीच्या कडेनं ठिणगीचे पॉइंट घासत बसा. 1996 मध्ये येझ्दीचा म्हैसूरचा कारखाना बंद पडला, त्यानंतर एकेका पार्टसाठी जुन्या बाजारात किती खेटे घातले ते आठव.

आणि कोकणात जाणारा कुंभार्ली घाट उतरणं? मिस्त्रीनं बजावलेलंच होतं, टू-स्ट्रोक गाडी घाटात रेस बंद करून गिअरमध्ये नुसती सोडून द्यायची नाही. ऑइल पेट्रोलबरोबर जाणार, रेस बंद म्हणजे पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी, आणि चाकं मात्र इंजिनाला गरागरा फिरवत असतात. म्हणून मध्येमध्ये क्लच दाबून थोडी रेस द्यायची. एवढी वर्षं तो घाट उतरलो, पण निम्मं लक्ष कायम इंजिनाच्या आवाजात.

आता माझ्याकडं 160 सीसीची साधी फोर-स्ट्रोक आहे. 2018 मध्ये येझ्दीची थोरली बहीण जावा परत आली, 2022 मध्ये येझ्दी. दोन्ही शोरूममध्ये जाऊन बघितल्या, हात फिरवला, पण या वयात मला जड वाटल्या. ही गाडी पार्किंगमधून एकट्याला मागं ओढता येते, हा निकष तरुणपणी कधी सुचला असता का? दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की घाटात आपणहून आवरते. पुढच्या चाकाला एबीएस आहे, जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. आणि इंजिनाची काळजी सुटल्यावर कुंभार्ली मला पहिल्यांदा नीट दिसला, बाळ्या. हेळवाकपर्यंत मनगटाला गार लागणारी हवा अर्ध्या घाटात अचानक दमट होते, शर्ट अंगाला चिकटतो, कोकण लागल्याचं आधी कातडीला कळतं. गाडीच्या काचेआड हे कुठलं? वळणावर ट्रकचं डिझेल सांडलं असलं तर नाकाला आधी कळतं आणि मग तो इंद्रधनुषी डाग दिसतो.

शिवाय वळणं. डावीकडं वळायचं तर डावी मूठ हलकेच पुढं ढकलायची, की गाडी डावीकडं कलते. हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. आपण कॉलेजपासून तेच करत आलो, फक्त आपल्याला ते माहीत नव्हतं! नजर जिकडं, गाडी तिकडं. दरीकडं बघत बसलास तर दरीकडंच जाशील. पहिल्या वळणातून उठवून दुसऱ्यात कलवताना जे पोटात होतं, ते येझ्दीवर व्हायचं तसंच आजही होतं. त्याला कुठली कंपनी लागत नाही. म्हणून म्हणतो, आपलं प्रेम लोखंडावर नव्हतं.

वय झालं हे मलाही दिसतं. दिवेलागणीनंतर गाडी चालवत नाही, समोरचा हेडलाइट डोळ्यांत घुसतो. भर पावसात घाट नाही. हेल्मेटशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही नाही. रविवारी पोरांचे जथे हेल्मेटला कॅमेरे लावून आतून कट मारत जातात, त्यांना मी जाऊ देतो. शिव्या देतो, पण जाऊ देतो.

दसऱ्यानंतर, पाऊस ओसरला की, इकडं ये. बुलेट विकलेली असली तरी एसटीनं ये. भाच्याची स्कूटर तुझ्यासाठी मागून ठेवलीय. हसू नकोस, गुडघ्याला गिअरचा त्रास नाही. कराडहून सकाळी निघू, कोयनानगरला चहा, चिपळूणला जेवण, मुक्काम गुहागरला. दुसऱ्या दिवशी धोपाव्याला गाड्या फेरीबोटीत चढवू आणि दाभोळला उतरून दापोली. परतताना पोलादपूरवरून आंबेनळी घाटानं वर महाबळेश्वरला येऊ. आंबेनळी तू स्कूटरवर चढलास की तुझं ते "मजा संपली" मला तोंडानं परत सांग, मी ऐकून घेईन.

बुलेटला गिऱ्हाईक आलं असेल तर भावात घासाघीस करू नकोस, पण गाडी नीट ठेवणाऱ्यालाच दे. आणि तुझ्या जुन्या चामडी हातमोज्यांचं काय करणार आहेस? मला येतील ते.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. तारीख लवकर कळव, गुहागरच्या खोलीचं बघायला लागेल.

तुझा,
दत्ता