फोन पडतो तो कोपऱ्यावर

नागपूर,
12 मे

प्रिय प्रमोद,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. नवा फोन घेतलास, छान केलंस. दुकानदार म्हणतो स्क्रीनवर पाचशेचा ‘11डी’ ग्लास टाका, पोरगी म्हणते पातळ फिल्म लावा, वहिनी म्हणतात कंपनीची महागाची काच आहेच, वरून आणखी कशाला. आणि तू मला विचारतोस, तू काय केलंस? फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण फेब्रुवारीत जे झालं ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आज बसून लिहितो आहे.

बाबांना रात्री छातीत दुखायला लागलं आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं, एवढं तुला माहीत आहे. पण त्या रात्री तीन तास मी कुणालाच सापडत नव्हतो, हे माहीत नसेल. दवाखान्याच्या पायऱ्यांवर पिशवी उचलायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातून फोन निसटला. खाली ग्रॅनाइटची पायरी. कोपऱ्यावर आपटला. उचलून पाहिला तर वर लावलेला ग्लास अगदी धड, एक ओरखडा नाही. हायसं वाटलं. बटण दाबलं, तर खालच्या कोपऱ्यातून दौत सांडावी तसा काळा डाग पसरत होता, आणि बघता बघता सगळा डिस्प्ले काळा झाला.

फोन मात्र जिवंत होता रे. वाजत होता, खिशात थरथरत होता. बंगळुरूहून धाकटा करत असेल, घरून आई करत असेल, पण नाव दिसेना, उचलायला बोट कुठून कुठे सरकवायचं ते कळेना. बाबांचे जुने रिपोर्ट व्हॉट्सॲपवर होते. डॉक्टर ते मागत होते, माझ्या हातातच होते आणि मला दाखवता येत नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाने शेवटी त्याचा फोन दिला. आईचा नंबर पाठ होता, धाकट्याचा नव्हता. तो बिचारा रात्रभर जागा राहिला.

बाबा वॉर्डात आल्यावर मी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. तिथल्या मोदी नंबर तीनच्या गल्लीत एक कारागीर बसतो, दुकान जेमतेम टेबलाएवढं. त्याने गरम पाटीवर फोन ठेवून डिस्प्ले सोडवला आणि तो कोपरा भिंगाखाली धरून मला पाहायला लावला. काचेच्या अगदी कडेला साखरेच्या दाण्याएवढा टवका उडाला होता, आणि तिथून पळसाच्या पानाच्या शिरांसारख्या बारीक रेषा आत गेल्या होत्या. वरून डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तो म्हणाला, “भाऊ, ग्लास तं वाचला, पण मार कोपऱ्यानं खाल्ला. कव्हर कोणतं होतं?” कव्हर होतं, पण ते कडक प्लास्टिकचं, पातळ, कड काचेच्या बरोबरीची. फोन कोपऱ्यावर पडला की तो धक्का थेट काचेच्या कडेला. हल्ली काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेलेच येतात, त्यामुळे नुसती काच बदलून भागत नाही, अख्खा कॉम्बो टाकावा लागतो. माझे सहा हजार आठशे गेले.

पैशांपेक्षा मला ती रात्र लागली. म्हणून या सगळ्याच्या मागेच लागलो, आणि त्या कारागिराने मला खूप समजावलं.

फोनची मूळ काच मजबूत का असते, ते मला फार आवडलं. कॉर्निंग कंपनीची गोरिला काच 2007 च्या पहिल्या आयफोनपासून फोनवर आली. ही काच पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात, साधारण 400 अंशांच्या आसपास, बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे लहान कण बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. आपल्या एसटीच्या तिघांच्या बाकावरून एक सडपातळ माणूस उठावा आणि तिथे धिप्पाड माणूस बसावा, तसं. सगळे दाबून बसतात. काचेचा पृष्ठभाग असा आवळलेला राहिला की तडेला फाकायला जागा मिळत नाही. पण हा आवळलेला थर जेमतेम केसाच्या जाडीचा. ओरखडा किंवा टवका त्याच्याही खाली गेला की पुढचा साधा धक्काही पुरतो. म्हणजे आज पडलेला फोन वाचला तर तो खरंच वाचला असं नाही, कडेला कुठे टवका उडालाय का ते नखाने चाचपून पाहायला हवं. मी आता दर वेळी पाहतो.

म्हणून माझं तुला पहिलं सांगणं हे, की ग्लासच्या आधी कव्हर घे. मऊ टीपीयूचं, म्हणजे रबरासारख्या वाकणाऱ्या प्लास्टिकचं, चारही कोपऱ्यांना जाड, आणि कड काचेच्या वर उचललेली. ग्लास लावल्यानंतर फोन पालथा ठेव आणि खालून लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवून बघ. सध्या घरी पत्रिकांना तोटा नसेलच. कागद न अडकता गेला तर कव्हर कामाचं. अडकला तर ते शोभेचं.

आता ग्लासचं. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘9एच’ लिहिलेलं असतं. मला वाटायचं हिऱ्याच्या खालोखाल कठीण. तसं नाही प्रमोद. तो पेन्सिलचा आकडा आहे. शाळेत आपण एचबी वापरायचो ना, त्याच मापात 9एच ही फार कठीण पेन्सिल, आणि तिने ओरखडा पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. खनिजांचा कठीणपणा मोजायचं मोजमाप वेगळं. ते 1812 मध्ये मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने केलं, त्यात शंखजिरं 1 आणि हिरा 10. काच त्यात साधारण साडेपाच-सहाला येते, साधी चावी बहुतेक वेळा तिच्या खालीच राहते, आणि वाळूतला गारगोटीचा कण 7. खिशातल्या किल्ल्यांना आपण उगाच भितो. काचेची खरी वैरी खिशाच्या तळाशी साचलेली धूळ. तू तर चंद्रपूरचा, औष्णिक केंद्राच्या रस्त्यावरून रोज गाडीने जाणारा. कोळसा मऊ असतो, पण त्याच्यासोबतची दगडाची भुकटी आणि उडणारी राख, त्यात हे कण असतात. तुझ्या शर्टाचा खिसा उलटा करून झटकून बघ. त्यामुळे वहिनींना सांग, काच महागाची असली तरी तुझ्या खिशात ती उघडी ठेवू नको. ‘11डी’, ‘21डी’ हे नुसते शब्द आहेत, कशाचंही मोजमाप नाहीत. पाचशे देऊ नको.

फिल्म की ग्लास, हे तुझ्या फोनच्या काचेच्या आकारावर. सपाट असेल तर साधा, पूर्ण डिंकाचा ग्लास घे, साधारण 0.33 मिलिमीटरचा. फक्त कडेला डिंक असलेला नको, मध्ये हवा राहते आणि टच अडखळतो. काच कडेला वळलेली असेल तर मग पोरीचं ऐक, टीपीयूची फिल्म लाव. ती आघात फारसा झेलत नाही, पण वळणावर नीट बसते आणि बारीक ओरखडे तिच्यावर काही वेळाने बुजतात.

वळलेल्या काचेवर दुकानदार पातळ द्रव ओतून वर ग्लास ठेवतात आणि निळसर यूव्ही (अतिनील) दिव्याखाली तो सुकवतात. दिसायला फार सुंदर बसतं. हिच्या फोनला आम्ही इथल्या एका दुकानात तेच केलं. चार दिवसांनी ही म्हणाली, समोरच्याचा आवाज विहिरीतून येतो. द्रव कानाजवळच्या जाळीत उतरून तिथेच घट्ट झाला होता. दुकानदाराने हात वर केले. ही आता सगळ्यांशी स्पीकरवर बोलते, आणि तिच्या माहेरच्या गोष्टी सगळ्या घराला ऐकू जातात. तिला ते मनापासून लागतं. म्हणून सांगतो, यूव्हीच्या वाटेला जाऊ नको.

बाजूने न दिसणारा प्रायव्हसीवालाही नको. तो उजेड खातो, आणि आपल्या उन्हात आधीच स्क्रीन दिसत नाही. फोन गाडीच्या टाकीवर किंवा डॅशबोर्डवर उन्हात ठेवतोस का अजून? ते सोड. बॅटरी फुगली तर ती डिस्प्ले आतूनच उचलते, मग वरचा कोणताही ग्लास काय करणार.

बोटाच्या ठशाचं तेवढं लक्षात ठेव. सेन्सर स्क्रीनखाली असेल तर ग्लास लावल्यावर ठसे पुसून नव्याने नोंदव. 2019 मध्ये सॅमसंगच्या काही फोनवर जेलचं कव्हर लावलं की भलत्याच बोटाने फोन उघडायचा, कंपनीला सॉफ्टवेअर सुधारून द्यावं लागलं. तुझ्या फोनवर तर बँकसुद्धा आहे.

ग्लास लावताना मात्र कधी जवळून पाहा. त्या कारागिराकडे बारा-तेरा वर्षांपासून काम करणारा एक मदतनीस आहे. त्याने आधी पंखा बंद केला. ओल्या पुसणीने काच पुसली, मग कोरड्याने, मग चिकटपट्टीचा तुकडा हळूहळू टेकवत एकेक कण उचलला, तिरप्या उजेडात पाहत. ग्लास कडेला धरून वरच्या जाळीशी जुळवला आणि सोडला. मधोमध एकदाच बोट टेकवलं, आणि तिथून डिंक ओल्या जमिनीवर पाणी पसरावं तसा काळसर होत चारही कडांपर्यंत आपोआप गेला. एका ठिकाणी शेंगदाण्याच्या सालीएवढा बुडबुडा राहिला, आत धुळीचा एक कण. त्याने तो ग्लास पुन्हा उचलला, कण काढला, परत बसवला. शंभर रुपयांच्या कामासाठी एवढा जीव लावलेला पाहून मला बरं वाटलं.

तेव्हा तिकडे घाईने काही लावू नको. येत्या रविवारी इकडेच ये. गणेशपेठच्या स्टँडला उतर, मी गाडी घेऊन येतो, आधी तर्री-पोहे खाऊ आणि मग मोदी नंबर तीन. तोवर फोन शर्टाच्या खिशात नको, बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात ठेव. आणि काकूंचे फोटो नुसते त्या फोनमध्येच असतील तर निघायच्या आधी पोरीला सांगून दुसरीकडे उतरवून घे.

बाबा आता सकाळी फुटाळा तलावापर्यंत चालून येतात. रोज विचारतात, प्रमोद कधी येतो. मी तुझा, वहिनींचा आणि धाकट्याचा, तिघांचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवलेत.

तुझा,
विलास