लांडोर बंगल्यावर मुलांना काय सांगावे

धुळे,
१२ जुलै

प्रिय विजय यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुलांना नेऊन तू बाबासाहेबांच्या परदेशातील शिक्षणाविषयी बोलणार आहेस, हे वाचून फार बरे वाटले. १९३७ साली याच तारखेला एका खटल्यासाठी ते धुळ्यास आले आणि त्या बंगल्यात उतरले, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. त्यांच्या पदव्याही मुलांना पाठ असतात. माझी विनंती एवढीच, की त्या पदव्यांच्या मध्ये शिक्षण का थांबले, तेही सांग.

१९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड मिळत, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची चाकरी करण्याचा करार होता. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि प्रबंध अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके महायुद्धात त्या बोटीबरोबरच बुडाली. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पुढे सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा कुठे १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आले.

तिथले दिवस सावकाश सांग. सकाळी घरमालकीण देईल तो पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, आणि रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांपैकी चार पत्र्यावर भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. उन्हाळ्यात आईबरोबर पापड लाटणाऱ्या तुझ्या मुलांना ही भूक लगेच कळेल. इकडे मुंबईत रमाबाई ओढाताणीने संसार रेटत होत्या. त्यांचे नाव घेतल्यावाचून हे सांगणे मला अपुरेच वाटते.

१९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहायला सांगितला, तेव्हाही गाठीचे पैसे संपलेले होते. ते मुंबईस परतले, इथूनच दुरुस्त प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली.

कापसाला भाव आला नाही म्हणून वर्ष सोडलेली दोन-तीन मुले तुझ्या वर्गात आहेत, असे तू मागे लिहिले होतेस. त्यांना पुढे बसव. मीही येईन, किती वाजता निघणार ते कळव.

तुझा,
प्रकाश