क्लीनर रास घरच्या टाकीत नको

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला घरगुती समुद्री मत्स्यालयांवरचा लेख वाचला. दिवे, पाण्याचा खारटपणा याबद्दलची माहिती चोख आहे. पण ‘माशांना पांढरे ठिपके आले तर क्लीनर रास सोडा’ हा सल्ला पटला नाही. क्लीनर रास म्हणजे इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन सफाई करणारा छोटा समुद्री मासा. मी कोथरूड, बाणेर भागातल्या दवाखान्यांच्या आणि घरांच्या टाक्या सांभाळतो. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी हा मासा मी आणून देत नाही.

प्रवाळावर या बोटभर निळ्या-काळ्या माशाचं सफाईचं दुकान ठरलेल्या जागी असतं. हेकरूसारखा शिकारीही तिथे येऊन जबडा आणि कल्ले उघडून थांबतो आणि हा खुशाल आत शिरतो. ऑस्ट्रेलियातल्या लिझार्ड बेटाजवळ झालेल्या मोजणीत एकेक मासा दिवसाला सरासरी सुमारे १,२०० परजीवी खाताना आढळला. घरच्या टाकीत एवढं खाणं येणार कुठून? शिवाय पांढऱ्या ठिपक्यांचा रोगजंतू कातडीच्या आत दडलेला असतो, तो याच्या तोंडी लागत नाही. मग हा इतर माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. खरं तर त्याला तोच जास्त आवडतो. समुद्रात असा चावा बसला की मासा उसळून निघून जातो, पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. चार फुटी टाकीत बिचारा जाणार कुठे? आणि बहुतेक वेळा हा स्वतःही खंगून मरतोच.

काही जण ‘नर-मादी जोडी द्या’ म्हणतात. यांच्यात एक नर आणि बऱ्याच माद्या असा कारभार असतो. नर गेला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखरच नर होते! जोडी कसली मागता?

त्याच लिझार्ड बेटाजवळ काही प्रवाळखडकांवरून हे मासे मुद्दाम काढून टाकले होते. दीड वर्षात तिथल्या माशांच्या जाती जवळपास निम्म्यावर आल्या. हौसेपायी आपण नेमका हाच मासा प्रवाळावरून उचलतो.

ठिपके टाळायचे तर नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा. सफाई करणारा मासा पाहायची हौसच असेल तर निऑन गोबी घ्यावा, त्याची पैदास टाकीत होते. पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक मत्स्यालय देखभालकार, कसबा पेठ, पुणे