चौदा संघांचा पिचर ‘नकोसा’ कसा?

महोदय,

आपल्या क्रीडापानावर गेल्या आठवड्यात अमेरिकी बेसबॉलपटू एडविन जॅक्सन यांच्याविषयी आलेल्या मजकुरात त्यांना ‘भटका गोलंदाज’ आणि ‘प्रत्येक संघाला नकोसा झालेला’ असे म्हटले आहे. सेलू परिसरातील शाळांत बरीच वर्षे मुलामुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवणारा शिक्षक या नात्याने या वर्णनावर माझा आक्षेप आहे. (‘गोलंदाज’ही तितकेसे बरोबर नाही. हा चेंडू कोपर वाकवून, टप्पा न पाडता फेकायचा असतो आणि आमची मुले फेकणाऱ्याला पिचरच म्हणतात.)

२००३ ते २०१९ या सतरा हंगामांत ज्याला चौदा संघांनी करार करून किंवा दुसऱ्या संघाकडून मागून घेतले, तो नकोसा कसा? १०७ विजय, १३३ पराभव आणि नऊ डावांमागे (म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे) दिलेल्या सरासरी ४.७८ धावा ही कामगिरी थोर खेळाडूची नव्हे, हे मान्य. परंतु हंगामात १६२ सामने खेळणाऱ्या संघाला ठरलेल्या दिवशी पहिल्या डावापासून चेंडू हाती घेणारा, न दुखावता उभा राहणारा माणूस लागतो. आणि २००७ ते २०१३ अशी सलग सात वर्षे जॅक्सन यांनी दरवर्षी तिसाहून अधिक सामन्यांत ही जबाबदारी पार पाडली.

संघ बदलणे हे बहुधा खेळाडूच्या हाती नसते, ही गोष्ट आपल्या मजकुरात आलीच नाही. २५ जून २०१० रोजी ॲरिझोना डायमंडबॅक्सकडून खेळताना त्यांनी आपल्याच जुन्या संघाला, टॅम्पा बे रेजला, एकही हिट (फटका मारून सुरक्षितपणे बेस गाठणे) मिळू दिली नाही. आठ फलंदाजांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) देऊनही १४९ चेंडू फेकून तो सामना त्यांनी १-० असा संपवला. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ३० जुलैला, डायमंडबॅक्सनेच त्यांना शिकागो व्हाइट सॉक्सकडे धाडले. पुढच्या वर्षी तर एकाच दिवशी ते शिकागोहून टोरंटो ब्लू जेजकडे आणि तेथून सेंट लुइस कार्डिनल्सकडे गेले. त्या कार्डिनल्सने त्याच मोसमात वर्ल्ड सिरीज, म्हणजे तेथील अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकली. टोरंटोचा सदरा मात्र त्यांच्या अंगावर चढला तो २०१९ मध्ये, आणि तोच त्यांचा चौदावा संघ.

तेथील नियमानुसार दहा वर्षे सेवा झालेल्या आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला आपली अदलाबदल नाकारता येते. म्हणजे ज्याला वारंवार हलवले जाते, त्यालाच हा हक्क कधी मिळत नाही. आपल्या मराठवाड्यात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. दर जून-जुलैत नव्या महाविद्यालयाचा उंबरा झिजवणाऱ्या त्या माणसाला नालायक कोणी म्हणत नाही, कारण जागा भरल्या जात नाहीत हे साऱ्या गावाला ठाऊक असते. अर्थात, शिकागो कब्जने जॅक्सन यांच्याशी चार वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला होता, तेव्हा पैशापुरती ही तुलना मी मागे घेतो. त्या कराराच्या पहिल्याच हंगामात त्यांनी १८ सामने गमावले, हेही सांगितले पाहिजे.

शिवाय एक भर घालावीशी वाटते. सर्वाधिक, म्हणजे चौदा संघांकडून खेळण्याचा विक्रम आता एकट्या जॅक्सन यांचा उरलेला नाही. डावखुरे पिचर रिच हिल यांनी जुलै २०२५ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कॅन्सस सिटी रॉयल्सकडून खेळून त्याची बरोबरी केली आहे. हा उल्लेख राहून गेला असल्यास पुढील अंकात द्यावा आणि तो देताना त्यांनाही ‘नकोसा’ म्हणू नये, ही विनंती.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, सेलू (जि. परभणी)